बिळापासून नावापर्यंत : ट्रॅपडोअर कोळ्याची नवी जात कशी ठरते

बोरिवलीच्या जेट्टीवरून होडीने येताना आमच्यातला एक जण म्हणाला, "गोराईत जाऊन कोळ्यांवर व्याख्यान द्यायचं म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवण्यासारखं आहे." (हशा) खरं आहे. मराठीत जाळं टाकून मासे धरणारा तो कोळी आणि जाळं विणून माशी धरणारा तोही कोळी. पण आज ज्याच्याविषयी बोलायचंय, तो कोळी जाळं लावतच नाही. तो जमिनीत बीळ खणतो, बिळाला दार बसवतो आणि दाराआड बसून राहतो. इंग्रजी नाव ट्रॅपडोअर. आम्ही आपसात त्याला झाकणवाला म्हणतो, आज तेच दोन्ही शब्द वापरू.

तुमच्याकडे खाडीच्या चिखलात बीळ बघून आत चिंबोरी आहे की नुसताच छोटा खेकडा, हे सांगणारी माणसं आहेत. बिळाचं तोंड केवढं, बाहेर टाकलेला चिखल ताजा की सुकलेला, भोवती पायांच्या खुणा कशा, एवढ्यावरून ती आकडी कुठे घालायची ते ठरवतात. आमचं काम साधारण तसंच आहे. फरक इतकाच की चिंबोरीला नाव आहे, बाजारात भाव आहे. आम्ही ज्याच्या बिळापाशी बसतो, त्याला पुष्कळदा नावच नसतं. नाव नसणं म्हणजे काय, ते कसं दिलं जातं, आणि दिल्याने काही फरक पडतो का, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. पडद्यावर जे दिसतंय तो एक मातीचा बांध आहे, पायवाटेच्या कडेचा. शेवाळं, दोन सुकलेली पानं, बारीक खडे. या चित्रात एक दार आहे. बघा सापडतंय का. … नाही सापडलं ना? आम्हालाही पहिल्या वेळी एका जागी बसून अर्धा तास गेला होता. आता पुढचं चित्र. इथे पिनेच्या टोकाने जे उचललंय ते झाकण. वरून माती आणि शेवाळं, आतून पांढरं, मऊ रेशीम. एका बाजूला रेशमाचीच बिजागरी. उतारावर असेल तर बिजागरी बहुधा वरच्या बाजूला असते, म्हणजे कोळ्याने सोडलं की झाकण आपल्याच वजनाने खाली पडतं आणि बंद होतं. सुतारही दार असंच बसवेल.

ही झाकणं सगळी सारखी नसतात. 1873 साली जॉन मॉग्रिज नावाच्या इंग्रज अभ्यासकाने दक्षिण फ्रान्समधल्या कोळ्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने झाकणांचे दोन मुख्य प्रकार केले: बाटलीच्या बुचासारखं जाड, तोंडात घट्ट बसणारं, आणि पापडासारखं पातळ, नुसतं वर टेकणारं. क्षयाने आजारी असलेला हा तरुण हवापालटासाठी तिथे राहिला होता आणि बांधांपाशी बसून झाकणं उघडून बघत होता. आजही शेतात उभं राहून आपण पहिली नोंद करतो ती हीच, झाकण जाड की पातळ.

बीळ खणायला यांच्या जबड्यांवर जाड काट्यांची एक रांग असते. फावड्याचे दात म्हणा. माती उकरायची, गोळी करून बाहेर टाकायची, भिंतीला रेशमाचं अस्तर लावायचं. मग संध्याकाळी दार किंचित उघडं ठेवून, पुढचे पाय कडेला टेकवून बसायचं. मुंगी, वाळवी, भुंगेरा जवळून गेला की जमीन हलते, आणि पापणी लवायच्या आत शिकार बिळात. आपण काडीने झाकण उचलायला गेलो तर आतून चक्क ओढ जाणवते. बाई दार धरून बसलेली असते.

हो, बाई. बिळात वर्षानुवर्षं राहते ती मादी. तिच्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच आहे.

घरातल्या भिंतीवरचे कोळी बहुतेक एक-दोन वर्षांचे सोबती. झाकणवाले, टॅरंटुला आणि त्यांचे भाऊबंद हे कोळ्यांमधलं जुनं घराणं. यांचे विषदंत चिमट्यासारखे आडवे मिटत नाहीत, वरून खाली, कुदळीसारखे मारले जातात. श्वासासाठी फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, बाकीच्या बहुतेक कोळ्यांना एकच. आणि यांच्या माद्या फार जगतात. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या अभ्यासक बाईंनी 1974 पासून एका राखीव जागेतल्या ट्रॅपडोअर कोळ्यांच्या बिळांना क्रमांक देऊन नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यातली सोळा नंबरची मादी 2016 साली मेली. वय 43. तिच्या झाकणाला गांधीलमाशीने भोक पाडलेलं आढळलं. हे 2018 साली प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर बातमी झाली, कारण इतका जगलेला दुसरा कोळी नोंदलेला नाही. आम्हाला त्यातली वेगळी गोष्ट मोठी वाटते. ती मादी 43 वर्षं त्याच बिळात होती. एकदा बीळ केलं की ते मोठं करत जायचं, बदलायचं नाही.

पिल्लंही दूर जात नाहीत. इतर पुष्कळ कोळ्यांची पिल्लं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर उडत जातात, समुद्रातल्या जहाजांवरही उतरतात. झाकणवाल्यांची पिल्लं बहुतेक चालत निघतात आणि आईच्या बिळापासून थोड्या अंतरावर आपली इवलीशी बिळं करतात. म्हणून एका बांधावर दहा-पंधरा झाकणं आणि पलीकडच्या तशाच बांधावर एकही नाही, असं दिसतं. हजारो पिढ्या असंच चाललं की मधे नदी, खाडी किंवा कोरडं पठार आलं तर दोन बाजूंची वस्ती एकमेकींना कधी भेटतच नाही. हळूहळू त्या दोन वेगळ्या जाती होतात. सह्याद्रीत एका डोंगरावर मिळालेली जात दुसऱ्या डोंगरावर न मिळणं हे यात नवल नाही.

आता इतिहास थोडक्यात. आपल्याकडच्या बऱ्याच झाकणवाल्यांचं घराणं इडिऑपिडी. यांची खूण डोळ्यांत आहे. आठापैकी दोन डोळे बाकीच्यांना सोडून पार पुढे, जबड्याच्या कडेपाशी येऊन बसलेले. त्यातली इडिऑप्स ही प्रजाती 1833 मध्ये पेर्टी याने ब्राझीलच्या कोळ्यावरून स्थापली. ब्राझीलचं नाव सह्याद्रीतल्या कोळ्याला कसं, असं कोणी विचारेल. हे घराणं दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया असं पसरलेलं आहे, म्हणजे जे भूखंड एके काळी एकत्र होते त्यांवर. चालत जाणारा प्राणी इतका पसरला, कारण तो ज्या जमिनीवर होता ती जमीनच सरकली.

भारतातल्या जातींचं पहिलं मोठं पुस्तक 1900 सालचं, रेजिनाल्ड पोकॉक यांचं. ते लंडनच्या म्युझियममध्ये बसून लिहिलेलं. इथले वनअधिकारी, डॉक्टर, शिकारी नमुने बाटलीत घालून पाठवायचे आणि पोकॉकसाहेब तिथे त्यांना नावं द्यायचे. काम भक्कम, पण वर्णनं चार-सहा ओळींची आणि ठिकाण म्हणजे नुसतं एखाद्या शहराचं किंवा जिल्ह्याचं नाव. नंतर भारतीय प्राणी सर्वेक्षणचे बी. के. टिकादर यांनी 1977 मध्ये काही जाती वर्णिल्या, त्यात एकीला गोव्याचं नाव आहे, गोआएन्सिस. मग 2005 मध्ये मंजू सिलीवाल, संजय मोलूर आणि बिस्वास यांनी भारतातल्या सगळ्या कोळ्यांची यादी नव्याने लावली. आणि त्यानंतर जणू बांध फुटला. 2012 मध्ये महाराष्ट्रातूनच इडिऑप्सच्या जाती आल्या, झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून: एक कासच्या पठाराची कासेन्सिस, दुसरी रुब्रोलिम्बाटस, म्हणजे तांबड्या किनारीची. 2013 मध्ये कारवारच्या बाजूच्या जोयड्याची जोयडा. हे कोळी 2012 साली जन्माला आले नव्हते. कासला फुलं बघायला माणसं गाडीने यायच्या कितीतरी आधीपासून ते तिथे दार लावून बसलेले आहेत. "नवी जात" म्हणजे आपल्या वहीत नवी.

मग वहीत येते कशी?

समजा एक झाकण सापडलं. पहिली गोष्ट, परवानगी. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मुंगीही उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मग झाकणाचा व्यास, जाडी, उताराची दिशा, माती, वर सावली कशाची, हे सगळं लिहायचं. मग खणायचं. बिळाच्या शेजारी खड्डा करत करत बाजूने आत शिरायचं, म्हणजे भिंत ढासळून कोळी चिरडत नाही. एवढं करून जी मादी हाती येते ती अल्कोहोलच्या बाटलीत जाते. हा भाग आम्ही गोड करून सांगणार नाही. वर्णन करायचं तर एक तरी जीव मारावा लागतो. फोटोवरून होत नाही का, असं दर व्याख्यानात विचारतात. या घराण्यात होत नाही. बाहेरून सगळे काळपट-तपकिरी, एकाच साच्यातले.

म्हणून सूक्ष्मदर्शक. पायाच्या प्रत्येक पेराची लांबी मोजायची, आठही पाय. डोळ्यांमधली अंतरं. जबड्याच्या कडेला दात किती, तोंडाखालच्या पट्टीवर बारीक दाणे किती. हे आठवडे खातं. पण निकाल बहुतेक वेळा लागतो तो जननेंद्रियांवर. मादीच्या पोटात नराचं वीर्य साठवायच्या दोन थैल्या असतात, त्या काढून, साफ करून त्यांचा आकार बघायचा. नराच्या तोंडापाशी हातासारखे दोन अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. त्याच्या टोकाला नासपतीच्या आकाराचा फुगा आणि पुढे सुईसारखी नळी. त्या नळीची जाडी, वाक, टोक, यांवरून जात ठरते. शिवाय नराच्या पहिल्या पायावर काटे असतात, मीलनाच्या वेळी मादीचे जबडे अडवून धरायला. त्या काट्यांची मांडणीही जातीगणिक वेगळी.

म्हणजे नर पाहिजे. आणि इथे घोडं अडतं. नर काही वर्षं बिळात वाढतो, वयात आला की शेवटची कात टाकतो, बीळ कायमचं सोडतो आणि मादी शोधत हिंडतो. आपल्याकडे बहुधा पावसाळा सुरू होताना. एवढ्या काही दिवसांत त्याचं आयुष्य संपतं. बिळांवर बसून मादी वर्षभर कधीही मिळेल, नर त्या एखाद्या पंधरवड्यात मिळाला तर मिळाला. म्हणून जुन्या यादीत काही जातींचा फक्त नर माहीत आहे, काहींची फक्त मादी. यातला एक नर आणि यातली एक मादी खरं तर एकाच जातीची नवरा-बायको असू शकतात, वेगवेगळ्या नावांनी शंभर वर्षं वेगवेगळ्या कपाटांत पडलेली. (हशा)

डीएनएने हे सुटत नाही का? अंशतः सुटतं. हल्ली नमुन्याचा एक पाय वेगळा काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये थंड ठेवतात. पण डीएनए जुळवायचा कोणाशी? पोकॉकच्या नमुन्यांना सव्वाशे वर्षं होऊन गेली. त्यामुळे शेवटी त्याच गावी जाऊन, त्याच जातीचा ताजा कोळी शोधावा लागतो, आणि बाटलीवर गाव म्हणून नुसतं मोठ्या शहराचं नाव असेल तर शोधा आता.

झाकणावर भिस्त ठेवूनही चालत नाही. माथेरानचा एक टॅरंटुला आहे, पोकॉकनेच 1899 मध्ये वर्णिलेला, हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस. तोही बिळाला झाकण लावतो. झाकण दिसलं म्हणून घराणं ठरवलं तर फसायला होतं.

हे सगळं पार पडलं, जवळच्या प्रत्येक जातीशी ताडून पाहिलं आणि फरक टिकला, तर लेख लिहायचा. ज्या एका नमुन्यावर नाव टांगलं जातं तो मूळ नमुना. तो घरच्या कपाटात ठेवायचा नसतो, मान्य संग्रहालयात द्यावा लागतो. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 मध्ये तसं बंधनच आहे. लेख दुसरे जाणकार तपासतात, खोड काढतात, परत पाठवतात. शेवटी छापून आला की स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या म्युझियमतर्फे चालणाऱ्या जागतिक कोळी-सूचीत तो दाखल होतो. त्या सूचीत एप्रिल 2022 मध्ये 50,000 वी जात चढली, ब्राझीलचा एक उड्या मारणारा कोळी.

नाव काय ठेवायचं यात थोडी मौज असते. गावाचं ठेवता येतं, रंगाचं ठेवता येतं, माणसाचं ठेवता येतं. ठाण्याकडच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये इसिअस तुकारामी नाव दिलं गेलं, 26/11 ला कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. स्वतःचं नाव मात्र स्वतः शोधलेल्या जातीला देण्याची रीत नाही. आमचा कल गावाच्या नावाकडे आहे. कारण सांगतो.

आमच्याकडे एक बाटली आहे. तिच्यावर चिठ्ठी आहे: "इडिऑप्स, जात अनिश्चित, मादी एक." सात-आठ वर्षांपूर्वी कोकणातल्या एका घाटरस्त्याच्या कडेला, दिवाळीच्या सुमारास, तीन पावलांच्या बांधावर आम्हाला अकरा झाकणं मिळाली. गावाचं नाव आज सांगण्यात अर्थ नाही. बाकीची तशीच ठेवून आम्ही एक मादी घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली ती कुठल्याच ओळखीच्या मादीशी जुळेना. पण तिच्या सगळ्यांत जवळची वाटणारी जात होती, तिचा फक्त नर वर्णिलेला होता. मग नव्या जातीची मादी म्हणायची की जुन्या जातीची अजून न मिळालेली मादी? घाई करून नाव ठोकणं सोपं होतं. आम्ही ठरवलं, थांबू. पुढच्या जूनमध्ये नर मिळेल.

जूनमध्ये गेलो तर बांध नव्हता. रस्ता रुंद झाला होता. तांबड्या मातीची उभी कापलेली भिंत आणि तिच्यावर जेसीबीच्या दातांच्या ओळी. आम्ही वर गेलो, खाली गेलो, पलीकडच्या ओढ्यापर्यंत गेलो. पुढच्या वर्षीही गेलो. झाकण मिळालं नाही. ती अकरा घरं म्हणजे एका जातीची शेवटची वस्ती होती की पन्नासांतली एक, हे आता त्या बाटलीवरून कोणीच सांगू शकणार नाही.

या गोष्टीत आम्ही कोणावर राग काढायचा? रस्ता गावालाच हवा होता, दवाखाना तासाभरावर होता. गावाला माहीतच नव्हतं की बांधावर कोणी राहतं. आणि गावाला माहीत नव्हतं कारण आम्ही सांगितलं नव्हतं. आम्ही चौघं तिथे दोन दिवस होतो, चहा गावातल्या टपरीवर प्यायलो, आणि "काय शोधताय" असं विचारल्यावर "असंच, किडे" असं उत्तर दिलं.

ते उत्तर आळसाने दिलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात जागा लपवायची शिस्त आहे, आणि तिला कारण आहे. टॅरंटुलांचा परदेशात पाळण्यासाठी व्यापार चालतो. झाडावर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया या भारत आणि श्रीलंकेतल्या सुंदर टॅरंटुलांना त्याची इतकी झळ लागली की 2019 मध्ये ती अख्खी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या सायटिस यादीत घालावी लागली. नव्या जातीचा लेख आला आणि त्यात अक्षांश-रेखांश असले की काही लोक थेट तिथे पोहोचतात. म्हणून पुष्कळ अभ्यासक आता नेमकं ठिकाण छापत नाहीत. आम्हीही छापत नाही.

पण त्या बांधाने आम्हाला विचार करायला लावलं. लपवल्याने चोरापासून वाचवता येतं. जेसीबीला अक्षांश-रेखांश लागत नाहीत, तो जिथे काम असेल तिथे येतो. त्याच्यापासून वाचवायचं असेल तर उलट जवळच्या माणसांना माहीत असावं लागतं. आता आमच्यापुरता नियम असा केलाय की जगाला तालुका सांगायचा आणि गावाला बांध दाखवायचा. आमच्यातल्या सगळ्यांना हे पटलेलं नाही, आज होडीतही त्यावर वाद झाला. पण आम्ही म्युझियमच्या हॉलमध्ये न बोलता इथे बोलतोय ते त्यामुळे.

नाव मिळाल्याने बांध वाचतो का? प्रामाणिक उत्तर, नुसत्या नावाने नाही. समोरच, पूर्वेला, गोरेगावची आरे कॉलनी बघा. तिथून 2010 मध्ये एका विंचवाची नवी जात वर्णिली गेली, लायकस आरेयेन्सिस. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली, विंचवाच्या नावाने ती थांबली नाहीत. पण आरेत नुसती गुरं आणि गवत नाही, हे सांगताना लोकांच्या तोंडी बिबट्याच्या बरोबरीने हा नखाएवढा विंचूही होता, त्याच्या नावात त्यांच्या वस्तीचं नाव होतं. 2020 मध्ये आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव वन करण्याचं जाहीर झालं. त्यात विंचवाचा वाटा किती हे मोजता येणार नाही, आणि तो मोठा होता असं आम्ही म्हणणारही नाही. एवढं मात्र दिसतं की प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात झाडं, पक्षी, प्राणी यांची यादी करावी लागते आणि यादीत नावं लिहितात. "जात अनिश्चित" हे कोणी यादीत लिहीत नाही. आमच्या बाटलीतली बाई कुठल्याच यादीत नाही.

गोराई, मनोरी, उत्तन ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेली चिंचोळी जमीन. चालत जाणाऱ्या प्राण्याला खाडी म्हणजे तटबंदी. पलीकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बिळांकडे आजवर कितीतरी अभ्यासकांचं लक्ष गेलंय, अलीकडे सगळे खारफुटी बघायला येतात, आणि यावंच. पण खारफुटीच्या वर, भरती पोहोचत नाही तिथे, डोंगरउताराला, जुन्या वाडीच्या बांधाला, विहिरीच्या कडेला कोणी गुडघ्यावर बसून बघत नाही. बंगल्यांसाठी माती कापली जाते ती तिथेच.

आता तुमचे प्रश्न. एका मावशींनी विचारलंय, चावतो का. हाताने धरलात तर चावेल, आणि दंत मोठे असल्याने दुखेल. पण तो अंगावर येत नाही. त्याचा सगळा जोर दार बंद ठेवण्यावर असतो. मागून एका मुलाने विचारलं, झाकण मिळालं तर उघडायचं का. नको रे. तोडलंस तर ती पुन्हा बांधेल, पण तोपर्यंत मुंग्या आणि गांधीलमाशीला दार मोकळं. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढ, तारीख लिही, पाऊस झाला होता का ते लिही. आणि जागा इंटरनेटवर टाकू नकोस, घरच्यांना दाखव.

खिडकीपाशी बसलेल्या आज्जी काय म्हणाल्या ते सगळ्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून परत सांगतो. त्या म्हणाल्या, "मिरगाचा पाऊस झाला की आमच्या मागल्या दारच्या मोरीत काळा, लांब पायांचा कोळी पडलेला असतो. चढता येत नाही त्याला गुळगुळीत लादीवर. आम्ही झाडूने मारतो."

आज्जी, तो कोण आहे हे इथे बसून सांगता येणार नाही. पाणकोळी असेल, टॅरंटुलाचा नर असेल. पण पहिल्या पावसात, रात्री, हौदात किंवा मोरीत पडलेला, पुढच्या पायावर काटे असलेला काळा कोळी, ही खूण आम्ही ज्याच्यासाठी दोन वर्षं एका घाटात हिंडलो त्याचीही आहे. या वर्षी झाडू मारू नका. स्टीलचा डबा उपडा घाला, वर दगड ठेवा, आणि आम्हाला फोन करा. नंबर दारापाशी फळ्यावर लिहिलाय. रात्री दोन वाजता केला तरी चालेल, फक्त पहिली होडी सुटेपर्यंत डबा उचलू नका.